चिडवणं कुठवर, छळ कुठून

इंदूरला राजेंद्रनगरात माझ्या घरी गेली एकवीस वर्षं सहावी ते आठवीची पोरं गणिताला येतात. एकाला सगळे ‘जिरावन’ म्हणतात, कारण तो पोह्यांवरच काय, पेरूवर आणि वरणभातावरही जिरावन, म्हणजे इथला चटपटीत मसाला, भुरभुरतो. तोही लगेच समोरच्याचं बारसं करून मोकळा होतो. त्याची आई तक्रार घेऊन आली, तेव्हा चहा पाजून मी तिला परत पाठवलं.

तेच शहाणपण दुसऱ्यांदा अंगाशी आलं. सातवीतली एक मुलगी ‘प’वर अडखळायची. तिघी जणी जिन्यात रोज तिची नक्कल करायच्या. ती हसायची, म्हणून मीही हसण्यावारी नेलं. मग ती पंधरा मिनिटं उशिरा यायला लागली. सुटल्यावर पेन शोधत बसायची, चपला सगळ्यांत शेवटी घालायची. दीड महिना हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

तेव्हापासून मी हसण्यावर जात नाही. उलट चिडवायची सोय आहे का, ते बघते. जिरावनला होती. हिला कुठली? त्या तिघी, ही एकटी, आणि उत्तर द्यायचं तर पुन्हा ‘प’ आडवा. ‘पुरे’ म्हटल्यावर थांबतात का, तेही बघते. स्वीडिश-नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९७०च्या दशकात शाळकरी मुलांमधल्या छळाचा अभ्यास सुरू केला. त्यांच्या खुणा तीन: मुद्दाम दुखावणं, पुन्हा पुन्हा दुखावणं आणि दोन बाजूंची ताकद सारखी नसणं. तिसरी खूण आपण आईबाप हमखास विसरतो.

मुलाला समोर बसवून ‘कोण त्रास देतं?’ विचारू नका, तोंड मिटेल. स्कूटरवर मागे बसवा, मटार सोलायला घ्या, आणि ‘आज जिन्यात काय झालं?’ एवढंच विचारा. ‘तूही दोन ठेवून दे’ म्हणू नका, जमत असतं तर त्यानं कधीच दिल्या असत्या. हातात हात देऊन ‘सॉरी म्हणा’ हेही नको. ते बरोबरीच्या भांडणाला ठीक. वहीत तारीख, जागा, नेमके शब्द आणि कोण कोण होतं ते लिहा. मोबाइलवरचं असेल तर पुसण्याआधी स्क्रीनशॉट. तोंडी तक्रारीला त्या मुलीच्या बाबांना शाळेत ‘मुलं आहेत, चालायचंच’ ऐकावं लागलं होतं. पाच तारखा लिहून अर्ज दिला, पोच घेतली, तेव्हा बोलावणं आलं. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन फुकट आहे, रात्रीही चालते.

त्या तिघींना मी एकेकटीला बोलावलं. ‘काकू, मस्ती कर रहे थे,’ म्हणाल्या. मग दोघींनी कबूल केलं, नाही हसलो तर पुढचा नंबर आपला, ही भीती होती.

जिना उतरताना तिच्याबरोबर राहा, असं मी जिरावनला सांगितलं. तो राहतो. आता तिची वही बघून गणितं उतरवतो, ती तक्रार वेगळी.