मुंबई ते लंडन: विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

मुंबईहून दुपारी २ वाजता निघालेले विमान त्याच दिवशी संध्याकाळी ६.३० वाजता लंडनला उतरते आणि तेथून रात्री ९.३० वाजता निघालेले विमान दुसऱ्या दिवशी दुपारी १२ वाजता मुंबईला पोहोचते, असे हिवाळ्यातले तिकीट हाती पडले की जाताना साडेचार तास आणि येताना साडेचौदा तास कसे, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर घरबसल्या काढता येते.

प्रथम अंतर मोजावे. त्यासाठी भिंतीवरचा नकाशा न घेता मुलांच्या टेबलावरचा पृथ्वीगोल घ्यावा. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढल्यास ती बगदादजवळून जाते. गोलावर दोरा ताणून धरल्यास मात्र तो सिंध, इराण, कॅस्पियन समुद्र, कॉकेशस, युक्रेन असा बराच उत्तरेकडून जातो, आणि हाच मार्ग सुमारे २०० किलोमीटरने जवळचा असतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर हा दोरा साधारण १७ सेंटिमीटर भरतो. त्याच गोलाचा विषुववृत्तावरील घेर ९४ सेंटिमीटर भरतो आणि पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. तेव्हा त्रैराशिकाने उत्तर सुमारे ७,२०० किलोमीटर येते. दोरा सैल राहिला तर शंभर-दोनशे किलोमीटर सहज वाढतात, म्हणून दोनदा मोजावे.

त्यानंतर या अंतराला ताशी ८५० किलोमीटरने भागावे. साडेआठ तास येतात. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि उतरणे यांसाठी त्यात अर्धा-पाऊण तास मिळवावा.

आता वाऱ्याचा विचार करावा. विमाने ज्या उंचीवरून जातात तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो, त्यामुळे लंडनला जाताना वेळ वाढतो व परतताना वाचतो. शिवाय दोऱ्याचा मार्ग नेहमी मोकळा असतोच असे नाही: युक्रेनची हवाई हद्द फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रवासी विमानांना बंद झाली आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली. असा वळसा पडला की आपल्या हिशेबापेक्षा तिकिटावरची वेळ जास्त दिसते. चूक आपली नसते.

शेवटी घड्याळे जुळवावीत. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असते. म्हणून जाताना दिसणाऱ्या साडेचार तासांत साडेपाच मिळवावेत, म्हणजे दहा तास होतात, आणि येतानाच्या साडेचौदातून साडेपाच वजा करावेत, म्हणजे नऊ उरतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तेथील घड्याळे एक तास पुढे असल्याने हा फरक साडेचार तासांचा धरावा. या दोन रविवारांच्या आसपासचे तिकीट असल्यास आधी कॅलेंडर पाहावे आणि मगच बेरीज-वजाबाकीला बसावे.