डेबियन आणि जिओसर्व्हर यांची तुलना करताना या चुका टाळा

‘डेबियन चांगले की जिओसर्व्हर?’ हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी विचारला जातो. दोन्ही नावांपुढे ‘मुक्त स्रोत’ लिहिलेले दिसले, एवढेच त्यामागचे कारण असते. डेबियन ही संपूर्ण यंत्र चालवणारी कार्यप्रणाली आहे, तर जिओसर्व्हर हा तिच्यावर जावाच्या आधाराने चालणारा आणि जाळ्यावर नकाशे पुरवणारा सर्व्हर आहे. तेव्हा यांतून एकाची निवड करण्याचा प्रश्नच येत नाही.

या गोंधळाची खरी किंमत दोष शोधताना मोजावी लागते. एका कामात आम्ही डेबियन ११ वरून १२ वर गेलो आणि त्याच दिवशी एका उतावीळ सहकाऱ्याने नकाशा मागवणाऱ्या जुन्या स्क्रिप्टमधील डब्ल्यूएमएसची (सर्व्हरकडून नकाशा मागवण्याच्या प्रमाणित पद्धतीची) आवृत्ती १.१.१ ऐवजी १.३.० केली. दुसऱ्या दिवशी पुण्याचा नकाशा कोरा येऊ लागला. सर्वांनी डेबियनला दोष दिला, दोन दिवस खर्चून ते पुन्हा बसवले, तरी नकाशा कोराच. ईपीएसजी:४३२६ (अक्षांश-रेखांशांच्या जागतिक पद्धतीचा सांकेतिक क्रमांक) वापरताना १.१.१ मध्ये आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहितात, १.३.० मध्ये मात्र नेमके उलट. स्क्रिप्टमधील क्रम तसाच राहिला होता. त्यामुळे ७३.८ हा अक्षांश आणि १८.५ हा रेखांश ठरला, आणि सर्व्हर नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्राचा तुकडा इमानेइतबारे काढून देत राहिला. दोन्ही आकडे वैध असल्यामुळे लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, चूक दाखवणारी एकही ओळ नव्हती.

तेव्हापासून मी ब्राउझरमधून गेलेली विनंती आधी डोळ्यांनी वाचतो, मग जिओसर्व्हरचा लॉग पाहतो आणि कार्यप्रणालीकडे सर्वांत शेवटी वळतो. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, जिओसर्व्हरची नवी मालिका सहा महिन्यांनी. त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी बदलण्याची गरज मला आजवर पडलेली नाही.

जिओसर्व्हर रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालवू नये. ‘ॲडमिन’ खात्याचा ‘जिओसर्व्हर’ हा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. ‘नंतर बघू’ म्हणणारे नंतर कधीच बघत नाहीत.

सॉफ्टवेअर मुक्त म्हणजे त्यातला नकाशाही मुक्त, हा समजही चुकीचा आहे. जिओसर्व्हरला जीपीएल हा सॉफ्टवेअरचा परवाना आहे, तर ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशाच्या माहितीला २०१२ पासून ओडीबीएल हा माहितीसंचांसाठीचा वेगळा परवाना लागू आहे, आणि तिचा श्रेयनिर्देश नकाशावर दिसलाच पाहिजे.