बेळगावात राहून स्वतःचा टेक बिझनेस कसा उभा करायचा, खास बायकांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी मुली इंजिनिअरिंग करतात आणि पुढं पुणं नाहीतर बेंगळुरू, एवढंच घरात बोललं जातं. इथं राहूनही कंपनी काढता येते, फक्त सुरुवात ॲपपासून नको, गिऱ्हाइकापासून करा.

म्हणजे काय, तर आधी उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत जा. कास्टिंग, म्हणजे धातूचा ओतीव भाग, एका फाउंड्रीत ओतलं जातं, मशीनिंगला दुसरीकडं जातं, मग किती पीस गेले किती परत आले किती रिजेक्ट झाले हे छोट्या वर्कशॉपमध्ये बऱ्याचदा वहीत असतं नाहीतर कुणाच्यातरी डोक्यात. मालकाशी बोला, पण स्टोअरमधल्या माणसाशी जास्त बोला, रोजची एंट्री तोच करणार आहे. पहिला महिना हा हिशोब साध्या गुगल शीटवर चालवून दाखवा आणि त्याचे पैसे घ्या, थोडे का असेनात. बाई घरबसल्या करते म्हणून फुकटात मागणारे भेटतात, त्यांना पहिल्याच दिवशी रेट सांगा. कोडिंग त्यानंतर. स्क्रीन मराठी आणि कन्नड दोन्हीत ठेवा, मालक मराठी असला तरी मशीनवरचा माणूस कन्नड वाचणारा असू शकतो.

आता कागदपत्रं. बँक खातं, डोमेन, ओटीपी येतो ते सिम, सगळं तुमच्याच नावावर आणि तुमच्याच हातात पाहिजे. नवरा, भाऊ मदत करू देत की, पण ओटीपी त्यांच्या फोनवर गेला तर व्यवहार त्यांच्या हातात गेला, हे मी अगदी कळकळीनं सांगते.

कर्ज लागणार असेल तर पीएमईजीपीचं, म्हणजे धंद्यासाठी कर्ज आणि सबसिडी देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेचं, धंदा सुरू करायच्या आधी बघा, कारण यातलं पहिलं कर्ज फक्त नव्या युनिटला मिळतं. सेवा धंद्यात प्रोजेक्ट २० लाखांपर्यंत, बायकांना स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात, सबसिडी शहरात २५ आणि खेड्यात ३५ टक्के, पण ती ३ वर्षं बँकेतच अडकून राहते. अर्ज सध्या घेताहेत का ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. तिचा खरा फायदा वसुलीत आहे, नोंदणी असलेल्या छोट्या धंद्याचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असा कायदा आहे, म्हणून बिलावर उद्यम नंबर छापाच. कोल्हापूरचं गिऱ्हाईक मिळालं तर जीएसटीला घाबरू नका, नुसती सेवा देत असाल आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर दुसऱ्या राज्यात काम करूनही नोंदणी लागत नाही. सेन्सर, मशीन असा माल पाठवायचा असेल तर मात्र लागते.

काम वाढलं की इंटर्न घ्या, व्हीटीयूच्या, म्हणजे इथल्या तंत्रशिक्षण विद्यापीठाच्या, मुलांना इंटर्नशिप करावीच लागते आणि गोगटे इन्स्टिट्यूट हे इंजिनिअरिंग कॉलेज तर उद्यमबागेतच आहे. मुलींना आवर्जून विचारा, आणि मानधन ठरवून वेळेवर द्या.