खिडकीवरचं तिकीट सीएसएमटीचं, चढायचं पनवेलला: माझा अनुभव

मांडवी एक्सप्रेस, सीएसएमटी ते कुडाळ. तिकीट काकांनी खिडकीवर काढलेलं, आम्ही राहतो खारघरला. पनवेल जवळ, पहाटे उलटं सीएसएमटीला कोण जाणार?

चढायचं स्टेशन बदलायला आयआरसीटीसीच्या (रेल्वेची ऑनलाइन तिकीट सेवा) ॲपमध्ये गेलो, तर तिकीट दिसेचना. दिसणारही नव्हतं, तिथे फक्त त्याच खात्यातून काढलेली ई-तिकिटं येतात. खिडकीवर म्हणाले, "टीसीला सांगा." म्हणजे सीट दुसऱ्याला गेली की भांडत बसा. दोन संध्याकाळी फुकट.

जमलं ते असं. आयआरसीटीसीच्या वेबसाइटवर काउंटर तिकिटाचं वेगळं पान आहे, लॉगिन लागत नाही. तिथे बोर्डिंग पॉइंट (चढायचं स्टेशन) बदलण्याचा पर्याय निवडला, पीएनआर (तिकिटावरचा दहा आकडी नंबर), गाडी नंबर (१०१०३) आणि कॅप्चा भरला, नियमांच्या चौकोनात टिक केली. ओटीपी मात्र आरक्षणाच्या फॉर्मवर लिहिलेल्या मोबाइलवरच जातो, म्हणून काकांना फोनवर धरून ठेवलं. ओटीपी टाकल्यावर स्टेशनांची यादी आली. पनवेल निवडून सबमिट.

हे चार्ट (प्रवाशांची अंतिम यादी) लागायच्या आधीच करा. बदलल्यावर सीएसएमटीहून चढायचा हक्क जातो, आणि सीएसएमटी-पनवेलचे पैसे परत मिळत नाहीत. फॉर्मवर मोबाइल नंबर लिहिलाच नसेल, तर हा मार्ग बंद.