१४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच अडकलाय?

रत्नागिरी-कुडाळकडे गेमिंग मॉनिटर बहुधा ऑनलाइनच मागवला जातो. हर्ट्झ म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा, म्हणजेच रिफ्रेश रेट. मॉनिटर जोडला तरी विंडोज अनेकदा ६० हर्ट्झवरच चालतं, आणि जादाचे पैसे फुकट जातात. परत करायची मुदत संपण्याआधी हे तपासा:

१. केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टात लावा, मदरबोर्डच्या नव्हे. ही चूक सर्रास होते.

२. शक्यतो एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्ट ही दुसऱ्या प्रकारची केबल वापरा. मॉनिटरचा एचडीएमआय पोर्ट १.४ असेल तर फुल एचडीला १२० हर्ट्झच्या पुढे सहसा जात नाही, आणि त्याहून बारीक चित्राच्या १४४० पिक्सेलला तर ७५ च्या आसपासच थांबतो. म्हणून घेतानाच पोर्टची आवृत्ती वाचा. खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका.

३. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट १४४ निवडा. यादीत १४४ दिसतच नसेल तर आधी केबल बदला.

४. गेमच्या सेटिंगमध्येही ६० ची मर्यादा लावलेली नाही ना, ते बघा.

जपायचं एकच: पावसाळ्यात मॉनिटर प्लास्टिकने घट्ट झाकू नका. आत दमट हवा कोंडते, आणि किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने पोर्ट गंजतात. सुती कापड पुरे.