चिनी कॅलिग्राफीसाठी पहिला ब्रश कसा निवडावा

रेशमी डब्यातला सेट घेऊ नका. दगडी दौत, शिक्का, पाच ब्रश असं सगळं त्यात असतं, पण धड लिहिता येईल असा ब्रश बहुधा एकही नसतो. तेवढ्याच पैशात एक बरा ब्रश येतो.

'नवीन आहात, छोट्या ब्रशने सुरुवात करा' हा सल्लाही सोडून द्या. छोटा ब्रश हातात आला की नुसती बोटंच चालतात आणि कोपर टेबलावरून उठत नाही. 8 ते 10 सेंटिमीटरच्या चौकटीत एक अक्षर लिहायचं तर केसांची लांबी 4 ते 5 सेंटिमीटर आणि बुडाशी जाडी साधारण 1 सेंटिमीटर हवी. ऑनलाइन घेताना हेच आकडे बघा. दांडा साधा बांबूचा चालतो. त्यावर हूचौ या ब्रशसाठी नावाजलेल्या चिनी शहराचं नाव कोरलंय म्हणून भुलू नका. कोरायला काय लागतं?

केस शेळीचे (यांगहाओ) असतील तर ब्रश मऊ होतो, शाई भरपूर धरतो, पण दबला की दबलेलाच राहतो. वीझल या मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीचे (लांगहाओ) केस लवचिक असतात, दाबले तरी परत सरळ होतात. पहिला ब्रश मिश्र केसांचाच घ्या, म्हणजे ज्येनहाओ: आत ताठ केस, बाहेर शेळीचे. काही गुरू पहिल्या दिवसापासून शेळीचाच ब्रश देतात. समोर बसून हात सुधारणारं कोणी असेल तर तेही ठीक, घरी एकट्याने शिकताना नको. जुन्या चिनी सुलेखनकारांपैकी ओउयांग शुनची सडपातळ अक्षरं गिरवणार असाल तर थोडा ताठ, यान चनचिंगची भरदार अक्षरं गिरवणार असाल तर थोडा मऊ.

आता खरी मेख. नवा ब्रश खळीने घट्ट केलेला असतो, त्यामुळे दुकानात प्रत्येकाचं टोक अणकुचीदार दिसतं. त्यावरून काहीही ठरवू नका. दुकानदाराकडे नमुन्याचा, खळ काढलेला ब्रश मागा. तो ओला करून जादा पाणी निपटा आणि टोक दोन बोटांत चपटं करा: केसांची टोकं एका रेषेत यायला हवीत. मग कागदावर ब्रश उभा धरून केसांचा तिसरा हिस्सा वाकेपर्यंत दाबा, बोटभर ओढा आणि सावकाश उचला. उचलताना नजर टोकावरच ठेवा. केस मध्याकडे परतून टोक जुळलं तर घ्या. वाकडं राहिलं किंवा दोन फाटे फुटले तर ठेवून द्या. नाहीतर प्रत्येक फटकाऱ्यानंतर दौतीच्या काठावर टोक सरळ करत बसाल, आणि आडव्या रेघेच्या शेवटी जिथे दाबून मागे वळायचं असतं, तिथेच ती फिसकटेल. नायलॉनचा ब्रश उलट झटकन सरळ होतो आणि शाई भसकन सोडतो.

बोरूने देवनागरी लिहिणाऱ्यांनी ही चाचणी दोनदा करावी. तिथे जाडी तिरक्या कापातून येते, इथे दाबातून, त्यामुळे ब्रशही नकळत तिरका धरला जातो आणि दोष उगाच त्याच्या माथी येतो.

घरी आणल्यावर कोमट पाण्यात खळ काढा. गरम पाण्याने बुडाचा चिकटा सुटतो आणि केस गळतात. लिहून झाल्यावर बुडापर्यंत धुवा, टोक खाली करून टांगा. सोबत आलेलं प्लास्टिकचं टोपण फेकून द्या, ओल्या ब्रशवर ते घातलं की बुरशी येते.