पोरांना सायकलचं हेल्मेट घालायला लावायचंय? एकट्याला नको, अख्ख्या गल्लीला घाला

मागच्या पावसाळ्यात आमच्या कोल्हापुरातल्या गल्लीतलं नऊ वर्षांचं पोरगं रंकाळा तलावाकडून येताना सायकल घसरून पडलं, डोकं दगडी काठावर आपटलं, चार टाके पडले. त्याच्या आईनं दुसऱ्याच आठवड्यात हेल्मेट आणलं, पण पोरगं दोन दिवसांत काढून बसलं, कारण बाकीची पोरं म्हणायला लागली "काय रे, भित्रा हाईस काय". म्हणून सांगतो, एकट्या पोराला घालायला लावलं तर ते टिकत नाही, घालायचं तर सगळ्या टोळीला एकाच दिवशी.

आधी मोजा. सकाळी शाळेच्या गेटजवळ अर्धा तास उभं राहायचं, सायकलवरून किती पोरं आली आणि किती जणांच्या डोक्यावर हेल्मेट होतं एवढंच वहीत लिहायचं. आमच्याकडं पहिल्या दिवशी ४३ पैकी १ होतं. हा आकडा मुख्याध्यापकांना दाखवला की बोलणं सोपं जातं. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटरसायकलसाठी आहे, सायकलला ते लागत नाही, म्हणजे पोलीस अडवतील असं सांगून चालत नाही, समजावूनच घालायला लावावं लागतं. अमेरिकेत सिॲटलला १९८६ पासून हेच केलं, आईबापांना माहिती दिली, सवलतीची कूपनं वाटली, पोरांना आवडेल असं केलं, आणि ५ टक्क्यांच्या आसपास असलेला हेल्मेटचा वापर १९९२ पर्यंत ४० टक्क्यांवर गेला. कायदा नसताना, हे महत्त्वाचं.

मग तालमीत जा. आमच्याकडं तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नाही, पेठेतलं मंडळच असतं, त्याची फुटबॉल टीम पण असते. कोल्हापुरात पोरं मास्तरांपेक्षा तालमीच्या फुटबॉल खेळाडूंचं जास्त ऐकतात, शिवाजी पेठ असो नाहीतर मंगळवार पेठ. सिनियर टीममधली दोघं जरी रविवारी सकाळी हेल्मेट घालून सायकलवरून प्रॅक्टिसला आली तरी काम होतंय. पैशाचं पण तिथंच बोला, मंडळाच्या वर्गणीतनं थोडे, आईबापांचे थोडे, आणि सायकलवाल्याकडून ३०-४० नग एकदम घेतले तर भाव नक्की कमी होतो. फुकट मात्र वाटू नका, शंभर रुपये तरी घ्याच, पदरचे पैसे गेले की घरातली माणसं विचारतात हेल्मेट कुठाय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मापं. शिंप्याचा टेप घ्या, भुवयांच्या वरून डोक्याभोवती फिरवा, सेंटीमीटरमध्ये लिहा, "पुढच्या वर्षी पण चालेल" म्हणून मोठं घेऊ नका. हेल्मेट टोपीसारखं मागं सरकवून घालतात ते चूक, भुवईच्या वर दोनच बोटं जागा पाहिजे, पट्ट्यांचा व्ही कानाखाली बसला पाहिजे आणि हनुवटीखाली एक बोट जाईल एवढंच सैल. मोठी जांभई द्यायला लावा, हेल्मेट डोक्यावर दाबल्यासारखं वाटलं तर बरोबर. मुलींची उंच पोनी असली की ते बसतच नाही, एका ताईंनी तिथंच उभं राहून आठ जणींच्या वेण्या खाली घालून दिल्या तेव्हा कुठं पट्टे जुळले. बाबांचं गाडीचं जुनं हेल्मेट देऊ नका, पोराच्या मानेला जड होतं आणि नीट ऐकूही येत नाही.

आणि हे घरी पण सांगा: बागेत घसरगुंडीवर, झाडावर चढताना हेल्मेट काढायचं, पट्टा अडकला तर गळ्याला फास बसतो. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट परत वापरायचं नाही, वरून ठीक दिसतं पण आतला फोम दबलेला असतो, तो एकदाच काम करतो.

तीन महिन्यांनी त्याच गेटवर, त्याच वेळेला, परत मोजा. आकडा तालमीच्या फळ्यावर खडूनं मोठा लिहा. आमच्याकडं दुसऱ्या वेळी ४३ पैकी २६ जणांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, उरलेल्या १७ पोरांच्या घरी आता आम्ही दोघं-दोघं संध्याकाळी जातोय.